साइडवॉकवर वृत्तपत्राची पेटी: नगरपालिका काय विचारू शकते आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसाठी तुम्ही 16 पानांचं मोफत मासिक काढता. किराणा दुकानांत गठ्ठे ठेवले की ते तांदळाच्या गोण्यांमागे जातात आणि कोणाला दिसतच नाहीत. म्हणून न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडच्या आसपास आणि न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्समध्ये साइडवॉकवर, म्हणजे फुटपाथवर, मिळून 12 पेट्या ठेवायचा तुमचा विचार आहे. एका नगरपालिकेच्या खिडकीवर तुम्हाला अर्ज मिळाला, विम्याची अट सांगितली, आणि वर ‘मागच्या तीन अंकांच्या प्रती इंग्रजी सारांशासह जोडा’ असंही सांगितलं. दुसऱ्या गावात उत्तर मिळालं की मोफत आणि जाहिराती असलेला अंक म्हणजे वृत्तपत्रच नव्हे, त्यामुळे पेटी मिळणार नाही. हे कायद्यात बसतं का, आणि पेट्या नेमक्या कुठे ठेवाव्यात, असं तुम्ही विचारलंय.

मी 22 वर्षं एका अमेरिकन शहराच्या बांधकाम खात्यात साइडवॉकचे परवाने तपासले. न्यूजरॅकचे, म्हणजे वृत्तपत्रांच्या पेट्यांचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. आता निवृत्तीनंतर छोट्या प्रकाशकांना अर्ज भरायला मदत करते. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. प्रकरण कोर्टापर्यंत जाण्याची चिन्हं दिसली तर वकील गाठा. पण माझ्या अनुभवात शंभरातली बहुतेक भांडणं खिडकीवरच मिटतात, फक्त नियम कशासाठी आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असावं लागतं.

आधी अंकाच्या प्रतींबद्दल. त्या देऊ नका. नगरपालिकेला पेटीबद्दल हवं ते विचारता येतं: उंची, रुंदी, वजन, जागा, मालकाचा फोन, विमा. पेटीत काय छापलंय हे तिला परवाना देण्याआधी वाचता येत नाही. सारांश मागणं म्हणजे मजकूर तपासून परवाना देणं झालं, आणि तिथे अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे बोलण्या-छापण्याच्या स्वातंत्र्याची हमी, आडवी येते. जुना धागा 1938 चा आहे. जॉर्जियातल्या ग्रिफिन शहरात काहीही छापील वाटायचं तर सिटी मॅनेजरची लेखी परवानगी लागायची. सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच रद्द केला. छापण्याचं स्वातंत्र्य आहे पण वाटण्याचं नाही, तर त्या छापण्याला अर्थ उरत नाही, हा त्यामागचा विचार.

पेट्यांपुरतं बोलायचं तर सगळ्यात कामाचा निकाल 1988 चा, लेकवुड शहर विरुद्ध प्लेन डीलर. लेकवुड हे ओहायोत क्लीव्हलंडला लागून असलेलं गाव, आणि प्लेन डीलर हे क्लीव्हलंडचं वृत्तपत्र. त्यांनी साइडवॉकवर पेट्यांना आधी सरसकट बंदी घातली होती. ती कोर्टात टिकली नाही तेव्हा नवा नियम केला: परवाना महापौर देतील, आणि महापौरांना ‘आवश्यक आणि वाजवी’ वाटतील त्या इतर अटीही घालतील. न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी हे फेटाळलं. महापौरांनी कोणाला त्रास दिला, हे प्लेन डीलरला सिद्ध करावं लागलं नाही. अधिकाऱ्याच्या हातात मोजपट्टीशिवाय अधिकार दिला, एवढाच दोष पुरेसा ठरला. कारण दर वर्षी परवाना ज्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध छापताना संपादक हात आखडता घेणारच. हात आखडला गेला हे कोणाला दिसतही नाही, कारण न छापलेल्या बातमीचा पुरावा नसतो. मी खात्यात असताना नव्या मुलांना हा निकाल वाचायला लावायचे. आपल्या सहीत किती वजन आहे हे त्यांना कळावं म्हणून.

तेव्हा खिडकीवर वाद घालू नका. अर्जासोबत एक छोटं, नम्र पत्र जोडा: ‘जागेचे नकाशे, पेटीची मापं आणि विम्याचं प्रमाणपत्र सोबत आहे. अंकाच्या प्रती व सारांश कोणत्या कलमाखाली आवश्यक आहेत ते लेखी कळवावं.’ कलम नसेल तर बहुतेक वेळा ती मागणी गळून पडते. खिडकीवरच्या माणसाचा हेतू वाईट असतोच असं नाही. अनोळखी लिपी दिसली की काही जण जास्तीचा कागद मागतात, आणि असा कागद एकदा फाइलमध्ये गेला की तो पुढच्या सगळ्यांकडून मागितला जातो. तुमच्या मागून एखादं गुजराती किंवा तेलुगू मासिक येईल. त्यांच्यासाठीही हे पत्र लिहाच.

दुसऱ्या गावाच्या उत्तराला 1993 चा सिनसिनाटीचा निकाल आहे. त्या शहराच्या रस्त्यांवर तेव्हा दीड ते दोन हजार पेट्या होत्या. त्यातल्या फक्त 62 काढायचं शहराने ठरवलं, कारण त्यांत एका कंपनीची प्रौढांच्या वर्गांची माहितीपत्रकं आणि दुसरीची विक्रीच्या घरांची मासिकं होती. ‘हे व्यापारी साहित्य आहे, वृत्तपत्र नव्हे,’ असं शहराचं म्हणणं. न्यायालयाने विचारलं की रस्ता मोकळा आणि देखणा करायचा असेल, तर त्याच आकाराच्या बाकीच्या पेट्या तिथेच ठेवून 62 काढल्याने काय साधलं? पादचाऱ्याच्या गुडघ्याला आत काय छापलंय ते कळत नाही. शहर हरलं. आणि तिथे तर मुख्यतः जाहिरातीच होत्या. तुमच्या अंकात मंडळाच्या बातम्या आहेत, व्हिसावरचे लेख आहेत, दिवाळीत कथा असतात. जाहिरातींवर अंक चालतो म्हणून तो हँडबिल ठरत नाही. मोफत असण्याचंही तसंच. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॉइस 1996 पासून मोफतच वाटलं जात होतं, आणि त्याला कोणी वृत्तपत्र नाही म्हटलं नाही.

मात्र मोफत आणि विकत यांत फरक केलेला चालतच नाही, असंही समजू नका. होनोलुलूने विकतच्या आणि मोफतच्या अंकांना वेगवेगळे रॅक नेमून दिले होते. तिथल्या एका मोफत साप्ताहिकाने दावा लावला, आणि 2002 मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने (केंद्राच्या विभागीय अपील न्यायालयाने) शहराची बाजू उचलून धरली. नाणी टाकायची यंत्रणा आहे की नाही हा फरक मजकुराचा नाही, हे त्यांचं कारण. फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सने पेट्यांचा रंग आणि त्यांवरच्या अक्षरांचा आकार ठरवून दिला, तोही नियम 1994 मध्ये टिकला. बोस्टनच्या बीकन हिलमध्ये तर ऐतिहासिक वस्ती म्हणून साइडवॉकवरच्या पेट्या पूर्ण काढायला लावल्या, आणि 1996 मध्ये पहिल्या सर्किटने ते मान्य केलं, कारण नियम सगळ्यांना सारखा होता आणि त्या लहानशा भागात वृत्तपत्र मिळण्याच्या इतर वाटा खुल्या होत्या. तेव्हा तुमच्या गावात ‘सगळ्या पेट्या हिरव्याच हव्यात’ असं असेल तर हिरवा रंग आणा. भांडण फक्त तिथे करा जिथे नियम तुमच्यासाठी वेगळा आहे किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला आहे.

फी हाही तसाच विषय. परवाना तपासायला, जागा पाहायला जो खर्च येतो तो शहर घेऊ शकतं; हे 1941 पासून ठरलेलं आहे. पण फी अधिकाऱ्याने प्रत्येकाचं तोंड पाहून ठरवायची, हे 1992 मध्ये जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीच्या (जिल्ह्याच्या) प्रकरणात नाकारलं गेलं. छापील दरपत्रक मागा. ते मिळालं की पुढे बोलायचं काही उरत नाही.

आता जागा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण कायद्याची बाजू भक्कम असूनही लोक इथेच हरतात.

तुमच्या यादीतल्या 12 जागांची चित्रं मी पाहिली. त्यातल्या किमान चार साइडवॉकवर नाहीतच. दुकानांच्या रांगेपुढे, पार्किंगला लागून जो छपराखालचा पट्टा असतो तो बहुधा खाजगी असतो. तिथे नगरपालिकेचा परवाना असून उपयोग नाही आणि नसून अडत नाही. त्या जागेचा मालक किंवा त्याची व्यवस्थापन कंपनी हो म्हणाली पाहिजे, तेही लेखी. दुकानदाराचं ‘ठेवा की’ हे पुरेसं नाही, तो स्वतः भाडेकरू आहे. एक जागा पोस्ट ऑफिसच्या दारातली आहे. पार्किंगपासून पोस्टाच्या दारापर्यंतची वाट ही पोस्टाच्या आवारातली, रस्त्याच्या साइडवॉकसारखी खुली जागा नव्हे, हा फरक 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुढे आलेला आहे. ती यादीतून काढा. उरलेल्यांपैकी प्रत्येक रस्ता गावाचा, काउंटीचा की राज्याचा हे गावाच्या इंजिनिअरकडून विचारून घ्या. काउंटीच्या रस्त्यावर गावाचा शिक्का घेऊन ठेवलेली पेटी काउंटीचा ट्रक उचलून नेतो आणि मग दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात.

जॅक्सन हाइट्सची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्क शहरात पेटीला परवाना लागत नाही. परिवहन खात्याला पेट्यांच्या जागा लेखी कळवायच्या आणि विम्याची पूर्तता करायची. पण म्हणून नियम सैल आहेत असं नाही. पेटी जास्तीत जास्त 50 इंच उंच, 24 इंच रुंद, 24 इंच खोल. तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता, फोन स्पष्ट दिसला पाहिजे, आणि अंकाच्या स्वतःच्या नावाखेरीज जाहिरात चालत नाही. तुमच्या चित्रात पेटीच्या बाजूला मिठाईवाल्याचा लोगो आहे, तो काढावा लागेल. पेटी कर्बच्या, म्हणजे साइडवॉकच्या रस्त्याकडच्या कडेच्या, बाजूला ठेवायची, आणि ती ठेवल्यावर पादचाऱ्यांना 8 फूट मोकळी वाट उरली पाहिजे. फायर हायड्रंटपासून (आग विझवण्याच्या पाण्याच्या नळापासून) 15 फूट, सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, दारापासून 15 फूट, गाड्यांच्या प्रवेशमार्गापासून 5 फूट दूर. बस स्टॉपच्या हद्दीत नाही, क्रॉसवॉकमध्ये नाही, कोपऱ्यात किंवा कोपऱ्याच्या हद्दीपासून 5 फुटांत नाही. लोखंडी जाळी, तळघराची झडप, मॅनहोलचं झाकण यांवर नाही. शिवाय दर चार महिन्यांनी पेटी रंगवल्याचं किंवा तिच्यावर इतरांनी केलेली रंगरंगोटी (ग्राफिटी) पुसल्याचं लेखी कळवायचं.

तुम्हाला पेटी रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या स्टेशनच्या जिन्याला चिकटून हवी आहे, कारण सगळे तिथूनच बाहेर पडतात. नेमकं तेच कारण आहे ती तिथे न ठेवण्याचं. जिन्यातून शे-दीडशे माणसं एकदम वर येतात, मागचे पुढच्यांना ढकलत असतात, आणि पहिल्या पाच-दहा पावलांत कोणालाही थांबायला वाव नसतो. आग लागली तर काय होईल, ते सांगायला नको. 15 फूट सोडून पुढे ठेवलेली पेटी तुमच्या फायद्याचीच आहे. तिथे माणूस क्षणभर थबकतो, फोन काढतो, आणि त्याची नजर पेटीवर पडते.

न्यू जर्सीतल्या गावांचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. प्रत्येक गावाचा अध्यादेश स्वतंत्र, आणि काही गावांत न्यूजरॅकसाठी वेगळं कलमच नसतं, साइडवॉकवरच्या सगळ्या अडथळ्यांसाठी एकच परवाना असतो. तो मुळातून वाचा. कर्बपासून किती मागे हे अवश्य पाहा. बऱ्याच ठिकाणी 18 इंच असतं, म्हणजे गाडीचं दार उघडताना पेटीवर आपटत नाही. पेटी विजेच्या खांबाला किंवा झाडाला साखळीने बांधायला जवळजवळ कुठेच परवानगी नसते. बोल्ट मारायचे असतील तर वेगळं विचारा, कारण उद्या पेटी काढल्यावर काँक्रीटचं भोक बुजवण्याचा खर्च तुमचा.

आता जे अध्यादेशात असो वा नसो, मला मनापासून सांगायचं आहे ते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका तक्रारीवरून मी एका साइडवॉकवर गेले. तक्रार करणारे गृहस्थ अंध होते. त्यांनी मला सोबत चालायला सांगितलं. पांढरी काठी डावीकडून उजवीकडे फिरत होती, आणि एका पेटीशी काठी तिच्या खालून मोकळी निघून गेली. पेटी एका खांबावर बसवलेली होती, तळाशी फक्त मधोमध पाय. पुढच्या पावलाला त्यांची कंबर पेटीच्या कोपऱ्यावर आपटली. ‘रोज आपटते असं नाही,’ ते म्हणाले, ‘पेटी कोणीतरी सरकवतं त्या दिवशी आपटते.’ मीच मंजूर केलेली जागा होती ती. कागदावर वाटेची रुंदी बरोबर होती. काठीचा विचार मी केला नव्हता.

काठीला जमिनीपासून साधारण 27 इंचांपर्यंतची वस्तू जाणवते. म्हणून अमेरिकेच्या अपंगहक्क कायद्याखालच्या 2010 च्या मानकांत 27 ते 80 इंच उंचीच्या दरम्यान भिंतीवरून वाटेत 4 इंचांपेक्षा जास्त बाहेर येणारी वस्तू चालत नाही, आणि खांबावर बसवलेली वस्तू खांबापासून 12 इंचांपेक्षा जास्त बाहेर येऊ नये. तुम्ही जमिनीपर्यंत भरीव असलेली पेटी घेतली तर हा प्रश्नच मिटतो. जुनी पेटी घेताना आधी तिचे पाय बघा, मग रंग. दाराच्या दांड्याची उंची 48 इंचांच्या वर नको आणि 15 च्या खाली नको, व्हीलचेअरवरून हात तिथेच पोचतो. दार एका हाताने, मूठ न आवळता, 5 पौंडांच्या आतल्या जोराने उघडलं पाहिजे. जुन्या पेट्यांच्या स्प्रिंगा फार कडक असतात. साधा ताणकाटा दांड्याला अडकवून ओढून बघा. तुमचे निम्मे वाचक मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा आहेत, त्यांच्या मनगटांसाठी तरी हे कराच. पेटीसमोर 30 बाय 48 इंचांची सपाट जागा मोकळी हवी, तेवढीच व्हीलचेअरला लागते.

वाटेच्या रुंदीचं किमान माप त्या मानकांत 36 इंच आहे. 2023 मध्ये सार्वजनिक रस्त्यांसाठी केंद्राच्या अ‍ॅक्सेस बोर्डाने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत ते 48 आहे, कर्बची रुंदी सोडून. तुमच्या गावाने अजून 36 च धरलं असेल तरी तुम्ही 48 धरा. बर्फ पडला की कडेला ढीग लागतात आणि 48 चे 36 व्हायला एक रात्र पुरते. न्यू जर्सीत बर्फ काढायची जबाबदारी बहुतेक गावांत लगतच्या दुकानदारावर असते. त्याच्या फावड्याच्या आड तुमची पेटी आली की पहिली तक्रार तोच करतो. हिवाळ्याआधी त्याला भेटून तुमचा फोन नंबर द्या, आणि बर्फ पडल्यावर पेटीभोवतीचं तुम्ही स्वतः काढा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींमध्ये मजकुरावरच्या तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकीच्या सगळ्या बर्फ, कचरा, उलटलेल्या पेट्या आणि रिकाम्या पेट्या यांच्या.

रिकाम्या पेटीबद्दल जरा जास्त सांगते. दादर स्टेशनबाहेर पहाटे पुरवण्या लावत बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. तिथे अंकामागे माणूस असतो, वाऱ्याने पान उडालं तर तो धरतो. इथली पेटी रात्रंदिवस एकटी उभी असते. आठ दिवस अंक नसला की तिच्यात कॉफीचे कप पडतात, पंधरा दिवसांत दार तुटतं. बहुतेक अध्यादेशांत ठरावीक दिवस रिकामी राहिलेली पेटी ‘सोडून दिलेली’ मानून शहराला ती उचलता येते. मासिकाला हा धोका साप्ताहिकापेक्षा जास्त, कारण अंक दहा तारखेला संपला तर वीस दिवस पेटी ओकी. म्हणून 12 जागांचा हट्ट सोडा. 5 पेट्या ठेवा, प्रत्येकीला एक नावानिशी माणूस नेमा, आणि अंक तीन हप्त्यांत भरा. किती भरले, किती उरले हे वहीत लिहा. परवान्याचं नूतनीकरण करताना अशी वही पुढे ठेवणाऱ्या प्रकाशकाचा अर्ज मी कधी अडवल्याचं मला आठवत नाही.

विम्याबद्दल घाबरू नका. शहराला तुमच्या सामान्य दायित्व पॉलिसीत ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून नाव हवं असतं, आणि पेटीमुळे कोणाला इजा झाली तर शहराला झळ लागू देणार नाही असं हमीपत्र. एजंटला अध्यादेशातलं विम्याचं वाक्य जसंच्या तसं पाठवा. तुमच्या महाराष्ट्र मंडळाची पॉलिसी आधीच असेल, पण मासिक मंडळाचं नसेल तर ती वापरू नका, दाव्याच्या वेळी अंगाशी येईल.

पेटी उचलली गेलीच तर आधी नोटीस आली होती का, अपील किती दिवसांत आणि कोणाकडे, हे त्याच दिवशी विचारा. कोणत्या नियमाचा भंग झाला ते नकारात किंवा नोटिशीत लेखी असायला हवं. मुदती छोट्या असतात. पेटीवर चालू फोन नंबर नसेल तर नोटीस पोचत नाही, आणि मग हक्क असून हातात काही राहत नाही.

यादीतल्या ज्या सात जागा उरतात, त्या या रविवारी दुपारी चार वाजता जाऊन पुन्हा मोजा. तुमची मापं सकाळची दिसतात, दुकानं उघडण्याआधीची. जॅक्सन हाइट्समध्ये दुपारी आंब्यांच्या पेट्या आणि भाजीचे खोके बाहेर आलेले असतात, आणि मोकळी वाट त्यांच्या कडेपासून मोजायची असते, भिंतीपासून नाही. टेप जमिनीवर ताणून, आकडा दिसेल असा फोटो काढा, जवळचा हायड्रंट किंवा कोपरा त्याच फोटोत येऊ द्या, आणि ते फोटो अर्जाला जोडा.